खांबासारख्या निवडुंगाला खत: कुंडीत किती, जमिनीत किती?

कातळफूल (रत्नागिरी): गच्चीवर 12 इंची कुंडीत दोन फुटी सेरियस आहे, दुसरा चार फुटी बागेत, जांभ्याच्या मातीत. कुंडीतल्याचा शेंडा पावसाळ्यात पेन्सिलीसारखा बारीक झालाय. बागेतला ठणठणीत, पण वाढ नाही. घरात 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) आहे. कोणाला किती आणि कधी?

काटेरी: शेंडा बारीक होणं हे उपासमारीचं लक्षण नाही. चार महिने मळभ आणि पाणी भरपूर, त्यात मे महिन्यातलं नत्र शिल्लक असलं की खोड उजेडासाठी नुसतं लांबत जातं. ती कंबर पुन्हा भरत नाही. कापायचीच तर नोव्हेंबरात, कोरड्या हवेत.

परदेशी पुस्तकांत ‘उन्हाळ्यात खत, हिवाळ्यात बंद’ असतं. आपल्याकडे तसं करू नका. किनाऱ्यावर थंडी नावालाच, खताला सुट्टी द्यायची ती पावसाळ्यात. खत ऑक्टोबर ते एप्रिल, पुढे सप्टेंबर संपेपर्यंत काही नाही.

कुंडीला 19:19:19 लिटरला अर्धा ग्रॅम, महिन्यातून एकदा. चहाचा सपाट चमचा साधारण 5 ग्रॅमचा, म्हणजे 10 लिटरला एक चमचा. आदल्या दिवशी साधं पाणी द्या, सुक्या मुळांना खत लागलं की टोकं जळतात. खालून निथळेपर्यंत ओता आणि बशी लगेच रिकामी करा. एप्रिलच्या मात्रेत 19:19:19 ऐवजी 0:0:50 (नुसत्या पालाशाचं खत) त्याच प्रमाणात; पालाशाने पेशी टणक होतात.

चिरेखाण: प्रमाण बरोबर, पण दरमहा कशाला? दीड-दोन महिन्यांनी पुरे. नत्र वाढलं की खोड फुगून कंगोऱ्यांमध्ये उभं तडकतं, आणि पहिल्याच पावसात तिथून कुज शिरते.

बागेत 19:19:19 वाया जाईल. आपली माती आम्लधर्मी, तिच्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं, तर नत्र पावसाबरोबर वाहून जातं. त्यापेक्षा दोन किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात 50 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) कालवा. शेणखतामुळे स्फुरद मातीच्या तावडीत कमी सापडतं. पाऊस गेल्यावर बुंध्यापासून फूटभर लांब, गोल चर काढून घाला. चर दोन-तीन इंचच खोल, मुळं वरवर पसरलेली असतात. बुंध्याला खत टेकवू नका. ओलं शेण तर नकोच, हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते.

कातळफूल: आणि हाडांचा चुरा चालेल?

काटेरी: बागेत चालेल, आम्ल मातीत तो विरघळतो, पण सावकाश. कुंडीत नको, घुशी-कुत्री उकरतात.

मचूळपाणी: कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतोय का? खाडीलगतच्या विहिरीचं पाणी असेल तर क्षार आधीच जास्त, वर खताचे. अशा वेळी खत थांबवून कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोड्या पाण्याने माती धुऊन काढा. पूर्ण सुकली की मगच पुढची मात्रा. आणि मिश्रणात किनाऱ्यावरची वाळू असेल तर ती बदला, नाहीतर कितीही धुतलं तरी थर परत येतो.