पॉवर केबलने गाणं सुधारतं, माझ्या कानांनी ऐकलंय

खर्ज_पुणे
दुकानदाराने दोन आठवड्यांपूर्वी दीड मीटरची पॉवर केबल (२२ हजार) आणि मेन्स कंडिशनर (बोर्डातली वीज गाळून देणारा डबा, ६५ हजार) दिलाय. म्हणाला, घरी लावून बघा, आवडलं तर ठेवा. माझा सेट जुनाच आहे: टर्नटेबल, ५० वॅटचा अँप, छोटे स्पीकर. मल्लिकार्जुन मन्सूरांची एलपी लावली आणि मागचे दोन तानपुरे पहिल्यांदाच वेगवेगळे ऐकू आले. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘आज आवाज मोकळा येतोय.’ मी काय बदललंय हे तिला माहीतही नव्हतं. ‘वायर ती वायर’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी ऐकून मग बोलावं.

निवृत्त_वायरमन
केबलच्या प्रत्येक गोष्टीत स्वयंपाकघरातून बोलणारी बायको असतेच. वहिनींना नमस्कार सांगा.

आता हिशोब. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. दीड मीटर जाणं, दीड मीटर येणं, झाले ०.०३६ ओहम. अँप १ अँपिअर ओढत असेल तर केबलमध्ये ०.०३६ व्होल्ट पडतात, २३० पैकी! शेजाऱ्यांचा गीझर लागला की याच्या कितीतरी पट पडतात. मीटरपासून तुमच्या बोर्डापर्यंत भिंतीतून वीसेक मीटर साधी तार आलीय, तिच्या शेपटाला २२ हजारांचं गोंडं बांधून काय होणार?

टोरॉइड
काका, हिशोब बरोबर, पण अँप सरळ १ अँपिअर ओढत नाही. आतला कपॅसिटर लाटेच्या टोकावरच भरतो, सेकंदाला १०० वेळा, झटक्याझटक्याने. शिवाय मुद्दा व्होल्ट पडण्याचा नाही, लाइनवरच्या कचऱ्याचा आहे. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, सगळे तो कचरा लाइनवर सोडतात.

घरचंच उदाहरण. मुलीने हेअर ड्रायर ‘लो’वर लावला की माझा अँप गुरगुरायचा. तो ड्रायर डायोड लावून अर्धीच लाट खातो, लाइनवर डीसी (एकाच दिशेचा दाब) चढतो आणि अँपमधल्या टोरॉइडल (गोल कड्याच्या) ट्रान्सफॉर्मरला तो सोसत नाही. डीसी ब्लॉकर लावला, गुरगुर बंद. हा पण कानाचा भ्रम का? जपानमध्ये तर काही शौकिनांनी घरापुरता वेगळा विजेचा खांब आणि ट्रान्सफॉर्मर बसवून घेतलाय. २०१६ साली पेपरात आलं होतं.

निवृत्त_वायरमन
झटके पाचपट धरा, तरी ०.१८ व्होल्ट. ड्रायरचं मान्य, शंभर टक्के. पण ती गुरगुर अँपच्या डब्यातून येते, स्पीकरमधून नाही. आणि ती ब्लॉकरने गेली, जाड केबलने नव्हे. कचरा गाळायला अँपमध्येच हजारो मायक्रोफॅरडचे कपॅसिटर बसवलेत, त्यांचे पैसे तुम्ही आधीच भरलेत. जपानी लोकांबद्दल मात्र आदर आहे. खर्च वेडा असेल, पण जागा तरी बरोबर धरली.

पेटीवाली_मिरज
माझ्याकडे स्पीकरमधून सतत घूं यायची. माझ्या पेटीवर ती पांढरी पाचच्या जराशी वर लागायची, त्यामुळे रियाजाला बसले की डोकंच उठायचं. पांढरी पाच ९८ हर्ट्झ, ही घूं १००. मेन्स ५० ची, पण छोट्या स्पीकरमधून ५० ऐकूच येत नाही, तिची दुप्पट येते. कंडिशनर आणला, ३० हजार गेले, घूं जागच्या जागी.

शेवटी भाच्याने सेटटॉप बॉक्सची केबलवाल्याची वायर उपसली आणि खोली एकदम शांत! त्या वायरच्या जाळीतून वेगळं अर्थिंग येत होतं, म्हणजे ग्राउंड लूप. वायरवर छोटा आयसोलेटर (अर्थिंगचा तो रस्ता तोडणारा) लावला, काहीशे रुपयांत काम झालं. मग न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून पाहिला तर ११ व्होल्ट. अर्थिंगच्या खड्ड्यातला पाइप गंजून गेला होता. नवा पाइप, मीठ-कोळसा, साडेचार हजार.

भोळा_सांब
एवढं कशाला ताई? थ्री-पिनची वरची जाडी पिन काढून टाका, घूं जाते. मी तसंच केलंय.

निवृत्त_वायरमन
सांबा, आजच्या आज परत लाव. आत फेज बॉडीला टेकला तर अँपचा पत्रा जिवंत होईल आणि व्हॉल्यूमला हात लावणारा मरेल. चाळीस वर्षांत मी अशी दोन घरं पाहिलीत. यावर चर्चा नको.

आकडेमोड
खर्जसाहेब, मुलाला अँपमागे बसवा. प्रत्येक फेरीत दोन्ही केबलींवर तोच तुकडा, व्हॉल्यूमला हात नाही, तुम्ही फक्त ‘महागडी पहिली की दुसरी’ सांगायचं. दहा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एक.

खर्ज_पुणे
रविवारी केलं. दहापैकी सहा.

आकडेमोड
नाणं उडवलं तरी सहा किंवा जास्त यायची शक्यता शंभरात अडतीस.

खर्ज_पुणे
माहीत आहे हो, मुलाने तिथल्या तिथे हिशोब करून दाखवला. वर त्याने लिहून ठेवलं होतं की चुकलेल्या चारही वेळा मी दुसऱ्यांदा ऐकलेलीलाच महागडी म्हटलं. कंडिशनर परत दिला. केबल अजून आहे. तानपुऱ्याचं काय ते कळत नाही, कारण ती एलपी मी त्याच दिवशी धुतलीही होती. हे आधी सांगायचं राहिलं.

निवृत्त_वायरमन
राहिलं!!

टोरॉइड
परीक्षेला बसल्यासारखं ऐकलं की कान आखडतात. दोन-दोन मिनिटांत काय कळणार? एक केबल निवांत दोन आठवडे ऐकायला हवी.

निवृत्त_वायरमन
ऐका की. फक्त मागे कुठली लागलीय ते मुलालाच ठाऊक असू दे.

खर्ज_पुणे
विचारलं त्याला. प्रत्येक अदलाबदलीचे १०० रुपये मागतोय, आणि न बदलता ‘बदलली’ म्हणायचे २००.