विषय: मंडळाच्या नंबरवरून गावी गेलेला ‘दोह्यात हॉस्पिटलवर बॉम्ब’ हा निरोप

प्रेषक: प्रमोद (राळेगाव, सुट्टीवर)
मंगळवार, 24 जून 2025

मंडळी,
काल रात्री आपल्या आखातातल्या मराठी मंडळाच्या नंबरवरून आमच्या इकडे निरोप कोणी पाठवला? ‘दोह्यात हॉस्पिटलवर बॉम्ब, भारतीय नर्स अडकल्या, अजून खात्री नाही.’ शब्दाला शब्द हाच. ते ‘खात्री नाही’ इथं कोणी वाचत नाही, पहिल्या चार शब्दांतच घर हादरते. आमच्या शेजारच्या माईची पोरगी तिकडे नर्स आहे हे सर्वांना माहीत आहे, मागच्या गणपतीत नाटकात होती तीच. पोरगी ड्यूटीवर, मोबाईल लॉकरमध्ये. इकडे लाइन गेलेली, टॉवरही येते-जाते. माय ओसरीवर बसून राहिली.

मला दोनच गोष्टी सांगा. गावाकडच्या घरांच्या नंबरांची यादी कोणाकडे आहे, आणि त्यावर निरोप टाकायची मुभा कोणाला आहे. पाऊस उघडला तर आज सरकी टोबायची आहे, म्हणून दुपारच्या आत उत्तर द्या.

---

प्रेषक: सचिव

कार्यकारिणीने असा कोणताही निरोप पाठवलेला नाही. कोणी परस्पर पाठवला असल्यास चौकशी होईल.

वस्तुस्थिती अशी: काल संध्याकाळी इराणने कतारमधील अल उदैदच्या, अमेरिकी सैन्य असलेल्या लष्करी तळावर क्षेपणास्त्रे डागली. तो तळ दोह्याच्या नैऋत्येला, शहराबाहेर वाळवंटात आहे. कतारने हवाई हद्द आधीच बंद केली होती. जीवितहानी नाही, हे कतार सरकारने रात्रीच जाहीर केले. भारतीय दूतावासाने घरातच थांबा एवढीच सूचना दिली होती. हद्द मध्यरात्रीनंतर उघडली, पण विमाने अजून उशिरा आहेत.

यापुढे दूतावास किंवा कतारचे गृहमंत्रालय बोलल्याशिवाय यादीवर एक अक्षरही जाणार नाही. यादी खजिनदारांकडे आहे.

---

प्रेषक: खजिनदार

यादी माझ्याकडे आहे, पासवर्ड तिघांकडे आहे. तो एकाकडेच असावा असं मी 2022 च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी यादी केली तेव्हाच म्हणालो होतो, मीटिंगचे मिनिट्स काढून बघा. आणि विषय निघालाच आहे तर, यादीतल्या अर्ध्या लोकांनी दोन वर्षं वर्गणी भरलेली नाही. त्यांच्या घरी निरोप पाठवायची जबाबदारी मंडळाची आहे का, हे एकदा ठरवून टाका.

---

प्रेषक: सुनीता (अल वक्रा)

वर्गणीचं नंतर बघू हो दादा.

मी इथं दोह्याजवळ बाल्कनीत होते. आगीचे गोळे खालून वर जाताना पाहिले. ती आपल्यावर पडणारी क्षेपणास्त्रं नव्हती, त्यांना अडवायला सोडलेली होती. वर जाऊन फुटायची, मग जरा वेळाने काचा थरथरायच्या. माझ्या नवऱ्याने काढलेला तोच व्हिडिओ तासाभरात वणीहून माझ्या जावेने मलाच पाठवला, ‘बघा, शहरावर कसे पडतायत’ असं लिहून.

‘दोह्याचं हॉस्पिटल’ म्हणून जो व्हिडिओ फिरतोय त्याचं म्हणाल तर तो थांबवून मोठा करून बघा. मागच्या भिंतीवरची पाटी हिब्रूत आहे. ते इस्रायलमधल्या बीरशेबाचं सोरोका हॉस्पिटल, 19 जूनला तिथं इराणचं क्षेपणास्त्र पडलं. म्हणजे व्हिडिओ खरा, हॉस्पिटलही खरं, फक्त गाव आणि तारीख दुसरी. त्या इमारतीतले पेशंट आधीच हलवले होते म्हणून मोठा अनर्थ टळला. तिथंही इराण म्हणतं आमचा नेम शेजारच्या लष्करी जागेवर होता, इस्रायल म्हणतं हॉस्पिटलवरच होता.

---

प्रेषक: काका (आर्वी)

सचिवसाहेब, ‘दूतावास बोलेपर्यंत गप्प’ हा नियम कागदावर बरा दिसतो. 1990 च्या ऑगस्टमध्ये मी कुवेतमध्ये होतो. सद्दामचं सैन्य शिरलं तेव्हा आमच्याशी बोलायला कोणी नव्हतं. इराकमधून बसने अम्मानला पोचलो, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. असे जवळपास 1,70,000 भारतीय बाहेर आले. तोवर आर्वीत माझ्या बायकोला तीन प्रकारच्या बातम्या पोचल्या होत्या. त्यातली एक मी गेल्याची होती आणि ती सांगणारा माणूस दिवसकार्याचं विचारायलाही येऊन गेला होता.

दुसरं, ज्याची खात्री नाही ते खोटंच, असं धरून चालू नका. 13 फेब्रुवारी 1991 ला बगदादच्या अमिरिया निवाऱ्यावर अमेरिकेचे बॉम्ब पडले. आत 400 च्या वर माणसं मेली, त्यात बायकापोरं किती तरी. अमेरिका म्हणत राहिली की ते लष्करी ठाणं होतं. त्या दिवशी सरकारी निवेदनाची वाट पाहणाऱ्याला काय कळलं असतं?

---

प्रेषक: नितीन (कुवेत)

काका, उलटंही घडतं. 17 ऑक्टोबर 2023, गाझातलं अल-अहली हॉस्पिटल. तासाभरात जगभर मथळे झळकले, इस्रायलचा हवाई हल्ला, 500 ठार. इस्रायल म्हणालं, इस्लामिक जिहाद या पॅलेस्टिनी संघटनेचं रॉकेट भरकटलं. सकाळच्या फोटोंत पार्किंगमधल्या जळक्या गाड्या आणि एक लहानसा खड्डा, इमारत उभी. माणसं मेली यात शंका नाही. किती आणि कोणामुळे, यावर लोक अजून भांडतात. पहिल्या तासाचा आकडा आणि पहिल्या तासाचा आरोपी, दोन्ही बाजूला ठेवावेत हे माझं स्पष्ट मत.

---

प्रेषक: वंदना (देवळीची, सध्या मस्कत)

नितीन, त्यासाठी गाझाला कशाला जायचं? आपल्या पुलगावचा लष्करी दारूगोळा डेपो 31 मे 2016 ला पेटला तेव्हा मी माहेरी होते. मध्यरात्र उलटून गेलेली. आधी भांडी वाजली, मग खिडकी लाल झाली. गल्लीत कोणी म्हणे भूकंप, कोणी म्हणे पाकिस्तानने बॉम्ब टाकला. आगरगावकडून लोक बाया-पोरं घेऊन निघाले, काही जण तर बैलं सोडून घेऊन आले. टीव्हीवर मेलेल्यांचा आकडा दर तासाला वेगळा. ज्यांचा माणूस डेपोत कामाला होता ती घरं मात्र आकडा ऐकतच नव्हती. फाटकावरून कोणी परत आलं का, एवढंच विचारत होती.

---

प्रेषक: खजिनदार

पासवर्डबद्दल कोणीच बोलत नाही.

---

प्रेषक: प्रमोद (राळेगाव)

वंदनाताईंनी बरोबर धरलं. काका आणि नितीनभाऊ, तुमचं वाचलं, पण इराणचा नेम कुठं होता हे माईले सांगून मी काय करू? तिले पोरगी पाह्यजे.

आता रात्रीचा किस्सा ऐका. टीव्हीवाला म्हणे, हल्ला साडेसातला झाला. पोरगी आठ वाजता माईशी बोलली होती. माईनं हिशेब केला, बॉम्ब साडेसातचा, पोरगी आठला बोलली, म्हणजे बॉम्बच्या मागून बोलली, म्हणजे बरी हाय. तिनं चहा ठेवला. तेवढ्यात शाळेचे मास्तर आले आन् म्हणे, साडेसात त्यांच्या घड्याळात, आपल्याकडे तवा दहा वाजले होते. अडीच तासाचा फरक. चहा तसाच राहिला. मास्तरले काऊन घाई झाली होती देव जाणे. मी आधीच ओळखलं होतं, पण बोललो नाई.

म्हणून यादीवर बॉम्बची बातमी टाकूच नका, खरी असो नाही तर खोटी. टाकायचं ते माणसाचं. ‘तुमची पोरगी माझ्याशी आपल्या वेळेनं साडेदहाला बोलली. ठीक आहे. ड्यूटी सुटली की फोन करते. मी अमुक, अमुक गावचा.’ आणि बोलणं झालं नसेल तर तेही तसंच सांगा, ‘अजून बोललो नाही, तासाभरात परत फोन करतो.’ आणि तो फोन खरंच करा, पोरगी सापडली नसली तरी. हॉस्पिटल पडलं की नाही ते पेपरात येईल.

पोरीचा फोन आला बारा वाजून गेल्यावर. पहिला प्रश्न तिचाच, ‘माय, तुम्ही जागे काऊन?’

---

प्रेषक: सचिव

सूचना रास्त आहे. तरी दोन अडचणी. एक, ‘ठीक आहे’ हे मंडळाने सांगायचे तर उद्या जबाबदारी मंडळावर येईल. दोन, एवढे फोन करणार कोण? पुण्यातील काही स्वयंसेवक तयार आहेत, त्यांची मराठी स्पष्ट आहे.

---

प्रेषक: सुनीता (अल वक्रा)

पहिल्या अडचणीचं उत्तर प्रमोदच्याच निरोपात आहे. ‘ठीक आहे’ मंडळ म्हणत नाही, ज्याच्याशी बोलणं झालं तो आपल्या नावानं म्हणतो. नर्सच्या दोन हॉस्टेलांत माझी ओळख आहे, रात्रपाळीत कोण आहे ते मी विचारून देईन. बाहेर निघायची बंदी असली तरी फोन करता येतो.

---

प्रेषक: प्रमोद (राळेगाव)

सचिवसाहेब, रात्री अकराला अनोळखी नंबर, त्यात ‘नमस्कार, मी आपणांस कळवू इच्छितो’ असं सुरू झालं, की आमच्या इकडचा माणूस बँकेचा कर्जवाला समजून फोन ठेवून देते. स्पष्ट मराठीचा काही उपयोग नाही. राळेगाव-कळंबचे नंबर माझ्याकडे द्या. आर्वी-देवळी काका पाहतील. वणीला सुनीताताईंची जाऊ आहे, पण तिला व्हिडिओ पाठवायची मनाई करा.

---

प्रेषक: काका (आर्वी)

मी तयार आहे. दुपारी दोन ते चार सोडून कधीही. रात्री उठवलं तरी चालेल, झोप तशीही येत नाही.

---

प्रेषक: खजिनदार

यादी तिघांना पाठवली. पासवर्ड बदलला आहे. वर्गणी न भरलेल्यांची नावं लाल रंगात आहेत, तूर्त त्यांनाही फोन करा. कळंब तालुक्यातल्या एका गावाच्या पाच घरांपुढे एकच नंबर दिसतो. टायपिंगची चूक असावी, तपासून कळवा.

---

प्रेषक: प्रमोद (राळेगाव)

चूक नाही. तो किराणा दुकानवाल्याचा नंबर आहे. बाकीच्या घरांत मोबाईल पोराजवळ असतो आणि पोरगा वावरात. दुकानवाल्याला सांगितलं की पाच मिनिटांत पाचही घरी निरोप जाते. फक्त त्याला नाव आणि वेळ लिहून घ्यायला लावा, तो आपल्या मनानं दोन बॉम्ब वाढवून सांगते.