मदत हवी आहे: ऑप्टिकल लॅटिसच्या पल्सनंतर मधला ठिपका नाहीसा का होत नाही?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पायथनमध्ये सिम्युलेशन करतोय आणि एका जागी गाडी अडली आहे. इथे लेझरवाले दोघं-तिघं तरी आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतो.

मांडणी अशी: रुबिडियम-८७ चं बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट, म्हणजे एकाच तरंगासारखा वागणारा अतिथंड अणूंचा ढग. त्यावर समोरासमोरून १०६४ नॅनोमीटरचे दोन किरण, म्हणजे दर ५३२ नॅनोमीटरला अणूंसाठी प्रकाशाचा एक खळगा (हीच ऑप्टिकल लॅटिस). ही लॅटिस काही मायक्रोसेकंदच चालू ठेवायची (हीच पल्स), मग सगळं बंद करून ढग २० मिलिसेकंद मोकळा सोडायचा. अणूंना संवेग दोन-दोन फोटॉनच्या हप्त्यानेच मिळतो, त्यामुळे चित्रात ठिपक्यांची रांग दिसते: मधला ०, त्याच्या दोन्ही बाजूंना ±२, पुढे ±४ (आकडा म्हणजे किती फोटॉनचा संवेग). शेजारच्या दोन ठिपक्यांत ०.१७ मिलिमीटर अंतर येतं आणि ते हातानं केलेल्या हिशेबाशी जुळतं.

पंचाईत पुढे आहे. कपित्सा-डिरॅक सूत्रानुसार (लॅटिसच्या छोट्या पल्सनंतर अणू कसे विखुरतात ते सांगणारं) प्रत्येक ठिपक्यातले अणू बेसेल फलनाच्या (वरखाली होणारं एक गणिती फलन) वर्गाप्रमाणे असायला हवेत. लॅटिसची खोली ८ रिकॉइल ऊर्जा (१ रिकॉइल म्हणजे एका फोटॉनच्या धक्क्यानं अणूला मिळणारी गतिज ऊर्जा) घेतली तर मधला ठिपका ४७ मायक्रोसेकंदांना पूर्ण रिकामा व्हायला हवा. माझ्याकडे तो ३७ च्या सुमारास ३० टक्क्यांवर येतो आणि तिथून परत भरायला लागतो! टाइमस्टेप निम्मी केली, ग्रिड बारीक केली, अणूंमधली आंतरक्रिया शून्य करून पाहिली. आकडा ढिम्म हलत नाही.

मुळात मला इंटरफेरोमीटरसाठी (तरंग फोडून पुन्हा जुळवणारं मोजमापाचं उपकरण) हा तरंग +२ आणि −२ असा निम्मा-निम्मा फोडायचा आहे, मध्ये काही न उरता. जाणकारांनी कृपया सांगावं. कोड हवा असल्यास डकवतो.

निवांत_नाना: सगळं डोक्यावरून गेलं, पण वाचनखूण साठवली आहे. येऊ द्या.

लेझरवाली: कोड नको, तो बरोबर असणार. तुमचे आकडे सूत्रापेक्षा खरे आहेत.

बेसेलचं सूत्र असं धरून चालतं की पल्स चालू असताना अणू जागचा हलतच नाही, त्याच्या तरंगावर फक्त फेज (तरंग आपल्या चक्रात किती पुढे आहे ते) उमटते. पण ±२ मध्ये गेलेल्या अणूची गतिज ऊर्जा ४ रिकॉइल असते. रुबिडियमला १०६४ वर १ रिकॉइल म्हणजे २.०३ किलोहर्ट्झ. ४७ मायक्रोसेकंदांत या ४ रिकॉइलची फेज सुमारे २.४ रेडियन होते. ती सोडून कशी देणार? शिवाय ८ रिकॉइलच्या खळग्यात अणू साधारण ८७ मायक्रोसेकंदांत एक पूर्ण झोका घेतो. म्हणजे तुमची पल्स अर्ध्या झोक्याहून लांब आहे.

ताळा करायचा तर ०, ±२, ±४ एवढंच घेऊन ३ बाय ३ मॅट्रिक्स मांडा. कर्णावर ०, ४, १६. बाजूला खोलीचा पाव भाग, फक्त ० आणि ±२ च्या जोडणीला वर्गमूळ २ ने गुणा. ३० टक्के आणि ३७ मायक्रोसेकंद दोन्ही हातात येतील. प्रयोगात आम्ही हेच उलट्या बाजूनं करतो: ठिपके मोजायचे आणि त्यावरून खोली काढायची. पॉवरमीटरवरून काढलेल्या खोलीवर माझा तरी विश्वास नाही.

बेसेलच पाहायचं असेल तर खोली १०० रिकॉइल आणि पल्स ३.८ मायक्रोसेकंद घ्या. मधला ठिपका जवळपास जाईल, पण अणू ±४ पर्यंत विखुरतील, म्हणजे तुमच्या कामाचं नाही.

तुम्हाला हव्यात दोन पल्स. खोली ५.७ रिकॉइल ठेवा. ४४ मायक्रोसेकंद चालू, ६२ बंद, पुन्हा ४४ चालू. बंद काळात ±२ ची फेज बरोबर π (पाय) रेडियन इतकी पुढे जाते, आणि दुसरी पल्स उरलेले अणू मधून उचलून बाजूंना टाकते. २००५ मध्ये अमेरिकेत बोल्डरला चिपवरच्या मायकेल्सन इंटरफेरोमीटरमध्ये कंडेन्सेट अशाच दोन पल्सनी फोडलं होतं.

धागाकर्ता: लेझरवाली, मनापासून आभार. मॅट्रिक्स आत्ताच चालवलं, ३०.२ टक्के, ३६.९ मायक्रोसेकंद. दोन पल्सचं करताना ±४ मध्ये थोडी गळती होईल असं वाटतं. ती कमी करायला खोली उतरवू की मधला वेळ बदलू?

लेझरवाली: आधी खोली तशीच ठेवून तिन्ही कालावधी (४४, ६२, ४४) थोडे मागेपुढे करून पाहा. माझे आकडे ±४ ला वगळून काढलेले आहेत.