'किलाटन' म्हणावे की 'निवळणे'?

प्रश्न : 'निर्जंतुकीकरणातील उपपदार्थ कमी करण्यासाठी किलाटन सुधारावे' असे वाक्य वाचनात आले. तुरटीने पाणी निवळते हे घरोघरी ठाऊक असताना 'किलाटन' हा जड शब्द कशाला? 'निवळणे' चालणार नाही का?

उत्तर : येथे चालणार नाही. हंड्यातले गढूळ पाणी तुरटी न फिरवताही रात्रभरात बरेच निवळते, पण त्यात किलाटन झालेले नसते. किलाटनात तुरटीतील ॲल्युमिनियममुळे सूक्ष्म कणांवरील ऋण विद्युत्भार नाहीसा होतो आणि एरवी एकमेकांना दूर लोटणारे कण एकत्र येऊ लागतात. ('किलाट' म्हणजे संस्कृतात आटवून घट्ट केलेले दूध, शब्द तितका परका नाही.)

शिवाय त्या वाक्याचा रोख गढूळपणावर नाहीच. कुजलेल्या पालापाचोळ्यातून पाण्यात उतरणारी ह्यूमिक द्रव्ये विरघळलेली असतात आणि क्लोरीनशी त्यांची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन, म्हणजेच त्या वाक्यातले उपपदार्थ, तयार होतात, हे रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्या योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये दाखवले. ही द्रव्ये कितीही वेळ ठेवली तरी तळाशी बसत नाहीत. ती ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांना चिकटली तरच गाळाबरोबर निघतात, आणि त्यासाठी सामू (pH) साधारण ५.५ ते ६.५ असा किंचित आम्लधर्मी लागतो. जार टेस्टमध्ये, म्हणजे एकच पाणी अनेक भांड्यांत घेऊन तुरटीचे डोस व सामू बदलून पाहण्याच्या चाचणीत, शेजारशेजारच्या दोन भांड्यांतले पाणी डोळ्यांना सारखेच नितळ दिसते, पण २५४ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे शोषण मोजले की एकात सेंद्रिय द्रव्ये बरीच उरली आहेत हे कळते. दोन्ही भांड्यांतले पाणी 'निवळले' आहे. मुद्द्याचे किलाटन एकातच झाले आहे.

पुरवणी : अमेरिकेच्या १९९८ च्या नियमांत यासाठी स्वतंत्र संज्ञा आहे; तिला मराठीत 'वर्धित किलाटन' म्हणता येईल. मूळ पाण्यातील सेंद्रिय कार्बन आणि अल्कता (आम्ल घातले तरी सामू टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) पाहून १५ ते ५० टक्के कार्बन काढण्याची अट तेथे घातली आहे. अल्कता जास्त असेल तर सामू सहज उतरत नाही, म्हणून अशा पाण्याला अट सौम्य आहे. 'वर्धित' म्हणजे नुसता तुरटीचा डोस वाढवणे असा अर्थ मात्र घेऊ नये, कारण आम्ल घालून सामू उतरवणे हाही त्याचाच भाग आहे. क्लोरीनची पहिली मात्रा गाळ बसल्यानंतर देणे हा उपाय याच्या जोडीने करतात, पण त्याला किलाटन म्हणत नाहीत.