अनुभव धागा : गॅसची शेगडी, सुटे पार्ट आणि घरचे मेकॅनिक

रामबागवाली :
काल राणीपुऱ्यात कुकरची रिंग घ्यायला गेले तर एका दुकानाच्या दारात तारेत ओवलेले पितळी बर्नर लटकत होते, लहान-मोठे सगळे एकत्र, आणि मी रिंग विसरून तिथेच उभी. आमच्याकडे दिवाळीआधीचा एक रविवार शेगडीचा असायचा. बाबा ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून शेगडी पालथी घालायचे, बर्नर रात्रभर चिंचेच्या पाण्यात पडलेले असायचे, आणि आम्हा भावंडांना एकेक सुई देऊन भोकं मोकळी करायला बसवायचे. आईची चिडचिड, कारण तोवर चहा शेजारच्या काकूंकडे. पण खालच्या जेटला, म्हणजे गॅस सुटतो त्या बारक्या पितळी तोंडाला, बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे बर्नरमध्ये सुई घाला, जेटमध्ये घातली तर भोक मोठं होतं आणि मग गॅस जास्त आणि हवा कमी.
आता माझी काचेची तीन बर्नरवाली आहे आणि मधला बर्नर पिवळा जळतोय, पातेल्यांची बुडं काळीकुट्ट. नवरा म्हणतो नवीन घे. एका बर्नरपायी अख्खी शेगडी अटाल्यात द्यायची का? तुम्ही काय काय घरी केलंत, काय मेकॅनिककडून, पार्ट कुठे मिळाले, सगळं लिहा. इंदूरबाहेरच्यांनी पण.

सुदामानगरचा भिया :
नवीन अजिबात नको. बाकीचे दोन निळे आहेत ना? मग सिलेंडर, रेग्युलेटर, पाइप सगळं ठीक, दुखणं त्या एका बर्नरचंच. बर्नरखाली जी नळी असते, मिक्सिंग ट्यूब म्हणतात, ती काढून उजेडाकडे धरून बघा. उतू गेलेलं दूध, झुरळ, कोळ्याचं जाळं, काहीही निघतं. जेटमधून गॅस जोरात सुटतो आणि बाजूच्या फटीतून हवा ओढून घेतो, नळी तुंबली की हवा कमी पडते आणि ज्योत पिवळी. बाटली धुवायच्या ब्रशने साफ करा, पूर्ण वाळवा, मगच लावा. आधी रेग्युलेटर बंद, हे सांगायला नको पण सांगतो.

पोहेप्रेमी :
चिंचेचं पाणी!!! आमच्याकडे लिंबाची सालं आणि खायचा सोडा. बर्नर इतके चमकायचे की आजी देवघरात ठेवेल असं वाटायचं 😄

कारेलीबाग-ते-विजयनगर :
माझा अनुभव उलट्या बाजूचा. लग्नानंतर बडोद्याला होते, तिकडे पाइपचा गॅस फार जुना, सासूबाईंच्या तरुणपणापासूनचा. मग ह्यांची बदली इंदूरला झाली, भाड्याच्या घरात सिलेंडर. ट्रकमधून शेगडी उतरली, ह्यांनी पाइप जोडला, माचिस हातात, आणि सासूबाई दारातून ओरडल्या, "अरे जेट बदललेस का?" कुणालाच काही कळेना. त्यांनी मग आपल्या ट्रंकेतून होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक डबी काढली, आत कापसात गुंडाळलेले दोन बारके पितळी जेट आणि चिठ्ठी, "सिलेंडरचे. टाकू नये." पाइपचा गॅस कमी दाबाने येतो आणि तेवढ्याच गॅसमध्ये उष्णता पण कमी असते, म्हणून त्याच्या जेटचं भोक मोठं. तेच जेट सिलेंडरवर ठेवले असते तर ज्योत हातभर आली असती. जेट बसवायला मात्र आम्ही माणूस बोलावला, त्याने साबणाचं पाणी लावून सगळे जोड बघितले. आता इथेही पाइपलाइन आलीय, मोठे जेट परत बसले आणि बारके परत डबीत. चिठ्ठी तीच.

रामबागवाली :
तुमच्या सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगा 🙏

लष्करवाला अप्पा :
ग्वाल्हेरहून. तुम्ही सगळे गॅसवाले, आम्ही रॉकेलच्या स्टोव्हवर वाढलो. आमच्या वाड्यात सकाळी एकेका खोलीतून स्टोव्हचा भर्र आवाज सुरू व्हायचा, कोण उठलं कोण लोळतंय ते त्यावरून कळायचं. स्टोव्हची पिन ही घरातली सगळ्यात जास्त शोधली जाणारी वस्तू, पत्र्याच्या पट्टीला टोकाशी केसाएवढी तार, ती नोझलमध्ये मोडली की संपलं. पंपाचा वायसर चामड्याचा, सुकला की हवा धरायचा नाही, मग आजोबा त्याला गोडंतेल पाजायचे आणि बोटांनी कडा फाकवून परत बसवायचे. दौलतगंजात वायसर, पिना, बर्नर सगळं मिळायचं. आता नातीला स्टोव्ह दाखवला तर म्हणाली आजोबा ही ट्रॉफी कसली.

पोहेप्रेमी :
ट्रॉफी 😂😂 अप्पा, अजून आहे का तो?

लष्करवाला अप्पा :
आहे. माळ्यावर. घरच्यांनी कबाड्याला द्यायला काढला की मी परत वर नेऊन ठेवतो.

मेघा_एमपी०९ :
नळीवरून आठवलं, कुणी आपली नारिंगी सुरक्षा नळी उलटून बघितलीय का? वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षांनी बदलायची असते, आमच्याकडची त्याहून कितीतरी जुनी निघाली. एजन्सीतूनच घेतली. आतमध्ये स्टीलच्या तारेची जाळी असते म्हणून उंदीर सहज कुरतडत नाही, पूर्वीच्या हिरव्या रबरी पाइपला उंदरांनी काय काय केलंय ते आमच्या जेल रोडच्या घराला विचारा. आणि तिच्यावर हौसेने कापडी कव्हर शिवू नका, भेग पडली तरी दिसत नाही. माझी नणंद शिवते 😐

बंड्या७७ :
नॉब फिरत नसेल तर काय? आमचा इतका घट्ट झालाय की पक्कड लावावी लागते. मित्र म्हणाला खोबरेल सोड.

सुदामानगरचा भिया :
खोबरेल नको भिया! तेल गरम होऊन चिकट होतं आणि अजून घट्ट. त्याला उष्णता सहन करणारं ग्रीस असतं, कॉक, म्हणजे नॉबमागची गॅसची तोटी, उघडून आतली पितळी गुल्ली पुसायची आणि ग्रीसचा अगदी पातळ हात द्यायचा, गुल्लीतल्या भोकात गेलं तर गॅसच अडेल. आणि दोन कॉक एकदम उघडू नका. गुल्ली निमुळती असते आणि आपापल्या कॉकमध्ये घासून बसवलेली असते, इकडची तिकडे गेली तर गळणार. खरं सांगू, कॉक हे काम गल्लीतून "गॅस चूल्हा, कुकर सुधरवा लोऽऽ" करत जाणाऱ्याला द्या, समोर बसून करून घ्या. बर्नर, जाळी, ट्रे, नॉब, खालचे रबरी पाय इतपत आपलं. गॅस जिथून अडतो आणि सुटतो ते त्याचं.

बंड्या७७ :
तो सायकलवाला आता येतच नाही यार आमच्या कॉलनीत, गेटवरच अडवतात. कचरागाडीचं गाणं तेवढं रोज येतं.

नानखटाई :
माझ्याकडे आईची जुनी कुकिंग रेंज आहे, वर चार बर्नर खाली ओव्हन. ओव्हन पेटतो, पण नॉब सोडला की फुस्स. दाबून धरलं तोवर चालू. बाळंतपणाला आलेल्या बहिणीला केक हवाय आणि मी नॉब धरून बसलेय. दुकानदार म्हणतो हे मॉडेल आता येत नाही, पार्ट विसरा.

एडिसनचा इंदोरी :
ताई, पार्ट विसरू नका, हा बहुतेक थर्मोकपल आहे. ओव्हनच्या ज्योतीत एक बोटाएवढी धातूची कांडी घुसलेली दिसेल, मागे बारीक तांब्याची नळी जाते. ती तापली की अगदी थोडी वीज तयार होते, मिलिव्होल्टमध्ये, आणि तेवढ्यावर आतलं चुंबक गॅसचा व्हॉल्व उघडा धरून ठेवतं. ज्योत विझली की कांडी थंड, व्हॉल्व बंद, म्हणजे घरात गॅस भरत नाही. तुमची कांडी काजळीने माखली असेल किंवा ज्योतीतून बाजूला सरकली असेल. गॅस बंद करून थंड झाल्यावर बारीक पॉलिश पेपरने टोक हलकं घासा, मागचा नट ढिला आहे का बघा, परत ज्योतीत आलं पाहिजे. नाही चाललं तर जुनीच काढून दुकानात न्या, लांबी आणि मागच्या नटाचे आटे जुळले की झालं, मॉडेल कुणाचं का असेना. फक्त ते काढून टाकून थेट जोडून देतो म्हणणारा भेटला तर हाकलून द्या.

इकडे न्यू जर्सीत माझ्या रेंजला तीही भानगड नाही, विजेवर तापून लाल होणारा इग्नायटर आहे. गंमत म्हणजे तो लाल दिसतो पण ओव्हन पेटत नाही, कारण म्हातारा झाला की विजेचा प्रवाह कमी पडतो आणि व्हॉल्व उघडतच नाही. बायको म्हणाली लाल होतोय म्हणजे चांगलाच आहे, प्लंबरही तेच म्हणाला! खालचा ड्रॉवर ओढला की चौकटीवर मॉडेल नंबरचं लेबल असतं, त्यावरून नेमका पार्ट घरी आला. प्लग काढला, गॅस बंद केला, दोन स्क्रू, दोन वायरी. वस्तू बिस्किटासारखी ठिसूळ आहे, धरताना जीव मुठीत.

नानखटाई :
घासलं. नट पण ढिलाच होता. चाललं!!! केक आत आहे. भाऊ तुम्हाला काय देऊ?

एडिसनचा इंदोरी :
सेव. लौंगवाली. 😋 आणि नटाच्या जागी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेवढं बघा.

कुसुमकाकू :
मुलांनो काचेच्या शेगडीचं पण लिहा कुणीतरी. आमच्याकडे पापडाचं पीठ शिजवायला भलं मोठं पातेलं ठेवलं होतं, बर्नरच्या बाहेर वीतभर जाणारं, खालची सगळी धग काचेवर. वर सुनेने उतू आलं म्हणून ओलं फडकं फिरवलं आणि धाडकन आवाज. काचेचा नुसता चुरा, खडीसाखरेसारखा, कुणाला लागलं नाही देवकृपेने. दुकानात म्हणे काच वेगळी मिळते पण भोकांची मापं जुळली पाहिजेत, ती काही जुळली नाहीत. आता स्टीलची आणली आहे. दिसायला साधी आहे पण आपटा काय हवं ते.

मेघा_एमपी०९ :
काकू तुम्ही लोकमान्य नगरच्या का? पापडाचं पीठ म्हणालात म्हणून.

कुसुमकाकू :
हो ग. तू कुणाची?

मेघा_एमपी०९ :
मेसेज करते 😀 आईच्या भिशीत होतात तुम्ही.

रामबागवाली :
अपडेट. भिया, नळी काढली, आत दुधाचा खरवसच तयार झाला होता, आणि तोंडाशी कोळ्याचं जाळं. ब्रश, गरम पाणी, दिवसभर उन्हात. आता ज्योत निळी. नवरा म्हणतो मी आधीच सांगत होतो साफ कर म्हणून. 🙄

पोहेप्रेमी :
सगळे नवरे एकाच कारखान्यातून.

शिरीष_रात्रपाळी :
एक मध्येच घुसवतो. वास आला तर दुरुस्ती वगैरे काही नाही. लाइटचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ वर फोन. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो, म्हणून फक्त वरची खिडकी उघडून भागत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एकजण काडी ओढून गळती शोधत होता. काडी ओढून!

लष्करवाला अप्पा :
आमच्या वाड्यातला सुटलेला वाटतं.

बंड्या७७ :
लायटर नसलेल्या, ऑटो इग्निशनवाल्या शेगडीचं काय? धुतली तेव्हापासून बटण न दाबता टक टक टक.

एडिसनचा इंदोरी :
बटणात पाणी गेलंय. सेल काढ, विजेवरची असेल तर प्लग काढ, नॉब काढून पंख्याखाली ठेव, पूर्ण सुकली की गप्प बसेल. तोवर काडेपेटी. आणि पक्कड लावत होतास तोच नॉब ना हा?

बंड्या७७ :
तोच. अर्धा तुटला आता. राणीपुऱ्यात कुठल्या दुकानात दिसले म्हणालात बर्नर, नॉब पण असतील ना तिथे?

रामबागवाली :
असतील, पण तुटलेला नॉब खिशात घालून जा. आतलं भोक एका बाजूने चपटं असतं, ती बाजू कुठे येते ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, डोळ्यांनी सारखा दिसतो आणि घरी आणल्यावर बंदच्या खुणेवर चालू होतो. आणि माझी कुकरची रिंग राहिलीय, जाणार असशील तर पाच लिटरची घेऊन ये रे.