परदेशातून फ्लॅटचे हप्ते कसे पाठवावेत? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मायदेशात आईवडिलांसाठी फ्लॅट बुक केलाय. बांधकाम चालू आहे, स्लॅब पडेल तसा हप्ता भरायचा. मागचा हप्ता इथल्या बँकेतून स्विफ्टने (एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठवायची बँकांची व्यवस्था) थेट बिल्डरच्या खात्यात पाठवला. मधल्या बँकेने परस्पर शुल्क कापलं, रक्कम कमी पोचली आणि बिल्डरने उरलेल्या पैशांवर व्याज लावलं! फार मनस्ताप झाला. पुढच्या वेळी 'अवर' (OUR) हा शुल्काचा पर्याय निवडून सगळं शुल्क मीच भरणार आहे.

पण दर वेळी थेट बिल्डरला पाठवावं, की आधी तिकडच्या माझ्या खात्यात एकरकमी आणून तिथून हप्ते द्यावेत? विनिमय दर रोज बदलतो, त्याची धास्ती वाटते. शिवाय पुढे घर विकून पैसे परत न्यायचे झाले तर स्विफ्टच्या पावत्यांशिवाय आणखी कोणते कागद आतापासून जपावेत? ज्यांनी असे हप्ते भरलेत त्यांनी कृपया सांगा. पुढचा हप्ता याच महिन्यात आहे.