दंड हवाच, पण कारणही सांगा ना
समुद्रकिनाऱ्यांवर दंड वाढवला की पर्यटक आपोआप सुधारतील असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कचऱ्याला दंड हवाच, पण दक्षिण गोव्यातल्या गालजीबाग किनाऱ्यावर मी वेगळं बघितलंय. ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांतून साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं निघतात आणि नेमकं तेव्हाच लोक मोबाईलचे टॉर्च लावून पुढे घुसतात. तिथल्या राखणदाराने आरडाओरडा न करता एवढंच सांगितलं की पिल्लं उजेडाकडे जातात, रात्री समुद्राची बाजू उजळ दिसते म्हणून ती तिकडे वळतात, तुमच्या टॉर्चने उलटी जमिनीकडे येतील. पटापट टॉर्च बंद! मागून आलेल्या ग्रुपला तर त्यांच्यातलेच दोघंतिघं दटावत होते.

किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी पण कासवांच्या सीझनला दिवे का बंद ठेवायचे ते रूममध्ये लिहून लावावं, नुसतं 'निसर्ग वाचवा' कोण वाचतंय.